शून्य ओळींचा अर्थ

सकाळी पहिली तक्रार एका ओळीची होती: जॉब सबमिट होत नाही. जॉब रांगेत टाकायची कमांड एसबॅच, ती द्यायची, दहा सेकंद थांबायचं आणि 'सॉकेट टाइम्ड आउट' वाचायचं. रांग बघायची कमांड एसक्यू, तिचीही तीच गत. नोड्सचा, म्हणजे एकत्र जोडलेल्या संगणकांचा, डॅशबोर्ड मात्र सगळा हिरवा. तापमान ठीक, मेमरी ठीक, निम्मे नोड रिकामे.

ज्यांनी असा क्लस्टर वापरलेला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो. शेकडो लोकांचं काम एकाच यंत्रणेवर चालतं, म्हणून कुणी थेट नोडवर जाऊन प्रोग्रॅम चालवत नाही. जॉब रांगेत टाकायचा, कोणाला कधी कुठे जागा द्यायची ते स्लर्म या प्रणालीचा कंट्रोलर ठरवतो. नोड शंभर असोत की हजार, काम वाटणारा कंट्रोलर एकच असतो. तो गुदमरला की नोड रिकामे असूनही क्लस्टर बंदच. आमचा डॅशबोर्ड नोड मोजतो, कंट्रोलरला उत्तर द्यायला किती वेळ लागतो ते मोजत नाही. ही मागणी मी आधीपासून करतो आहे.

कंट्रोलरच्या लॉगमध्ये एकाच वापरकर्त्याचं नाव ओळीने येत होतं, सेकंदाला सात-आठ जॉब. चाळीस निरीक्षण केंद्रांकडून तासाला एकेक फाईल येते, तिच्यावर प्रक्रिया करून निकाल ठेवायचा, एवढंच त्या जॉबांचं काम. एका फाईलला एका कोअरवर दोन मिनिटं. रचना अशी, की प्रत्येक केंद्राचा स्वतंत्र जॉब. नवी फाईल असेल तर प्रक्रिया करायची, नसेल तर दहा मिनिटं स्लीप, आणि शेवटच्या ओळीत एसबॅचने स्वतःलाच पुन्हा रांगेत टाकायचं. अशा चाळीस साखळ्या महिनोन्महिने बिनबोभाट चालल्या होत्या. झोपलेले चाळीस कोअर अडवून बसत होत्या हे खरं, पण त्याने कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

हिशोबाची कमांड एसअ‍ॅक्ट लावली तर प्रत्येक जॉबपुढे 'कम्प्लिटेड', एक्झिट कोड शून्य (म्हणजे चूक नाही), वेळ दोन सेकंद. दोन मिनिटांचं काम दोन सेकंदांत आणि यशस्वी! शेल स्क्रिप्टचा एक्झिट कोड शेवटच्या कमांडचा असतो. इथे शेवटची कमांड एसबॅच, आणि ती व्यवस्थित चालत होती. वरचं सगळं कोसळलं तरी स्लर्मच्या लेखी जॉब पास. सुरुवातीला 'सेट -ई' असतं तर पहिल्या चुकीलाच स्क्रिप्ट थांबली असती.

चूक कोणती ते लॉगमध्ये दिसायला हवं होतं, पण आउटपुट 'डेव्ह-नल'कडे, म्हणजे कचऱ्यात, वळवलेलं. त्यालाही कारण होतं. आमच्या स्क्रॅच, म्हणजे तात्पुरत्या कामाच्या, डिस्कवर जागेचा कोटा वेगळा आणि फायलींच्या संख्येचा वेगळा. प्रत्येक जॉबची लॉग फाईल नको म्हणून त्या जॉबांच्या मालक संशोधकांनी ती बंद केली होती. स्क्रिप्टची एक प्रत घेऊन लॉग सुरू ठेवून चालवली आणि पहिल्याच ओळीत उत्तर मिळालं: 'डिस्क कोटा एक्सीडेड'. जागा अर्धी शिल्लक होती, संपली होती फायलींची संख्या. हे लोकांना हमखास चकवतं, कारण सगळे बघतात ते गिगाबाइटचे आकडे. कोटा दाखवणाऱ्या 'एलएफएस कोटा' कमांडच्या उत्तरात फायलींचा रकाना उजवीकडे असतो, तिथवर नजर जातच नाही.

आता साखळी जुळली. पहाटे फायलींचा कोटा भरला. निकालाची फाईल तयार होईना, म्हणून प्रक्रिया दोन सेकंदांत पडायची. प्रक्रिया झाली नाही म्हणून ती फाईल 'नवी'च राहायची. नवी फाईल आहे म्हणून स्लीपची पायरी यायचीच नाही. थेट शेवटची ओळ, पुन्हा एसबॅच.

पण चाळीस साखळ्यांनी एवढा कंट्रोलर बसायला नको होता. संपलेला जॉबसुद्धा मूळ सेटिंगप्रमाणे ३०० सेकंद कंट्रोलरच्या मेमरीत राहतो आणि एकूण जॉबांची मूळ मर्यादा १०,००० असते, हे धरूनही चाळीस साखळ्यांचा हिशोब अडीच हजारांच्या आसपास जातो. आमच्याकडे दहा हजारांची मर्यादा भरली होती. उरलेले कुठून आले?

ते क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणाऱ्या सोयीतून आले. मागे एकदा देखभालीसाठी कंट्रोलर बंद होता, त्या वेळी शेवटची ओळ अपयशी ठरून साखळ्या तुटल्या होत्या. स्वतःला रांगेत टाकणाऱ्या जॉबचं हे मूळ दुखणं आहे. एकच एसबॅच हुकलं की साखळी कायमची संपते आणि कुणाला कळत नाही. म्हणून त्यांनी लॉगिन नोडवर, म्हणजे लोक जिथून क्लस्टरमध्ये शिरतात त्या मशीनवर, दर पाच मिनिटांनी चालणारा पहारेकरी बसवला. चाळीसही नावांसाठी तो एसक्यू चालवायचा, चुकांचे संदेश फेकून द्यायचा, उत्तर पाइपमधून ओळी मोजणाऱ्या 'डब्ल्यूसी -एल'कडे द्यायचा आणि शून्य ओळी आल्या तर नवा जॉब टाकायचा.

ही ओळ मी कितीतरी वेळ नुसती बघत बसलो होतो. शीर्षकाची ओळ वगळलेली असल्याने जॉब नसेल तर एसक्यू शून्य ओळी देते. कंट्रोलरने उत्तरच दिलं नाही तरीही शून्य ओळीच येतात. एसक्यूचा एक्झिट कोड त्या वेळी वेगळा असतो, पण पाइपमध्ये शेवटच्या कमांडचा कोड धरला जातो, आणि 'डब्ल्यूसी' शून्य ओळी मोजूनही खूश असते. म्हणजे कंट्रोलर जितका थकलेला, तितकी पहारेकऱ्याची खात्री पक्की की जॉब मेलेत. मग तो आणखी चाळीस टाकायचा. प्रत्येक नवा जॉब म्हणजे एक नवी साखळी.

अशात आमच्या एका सहकाऱ्याने कंट्रोलर रीस्टार्ट केला, तोही दोनदा. घाईचं औषध. कंट्रोलर आपली अवस्था डिस्कवर जपून ठेवतो, रीस्टार्टनंतर सगळे जॉब जसेच्या तसे परत येतात. मधल्या मिनिटभरात एसक्यूला उत्तर मिळालं नाही, आणि पहारेकऱ्याने पुन्हा नव्या साखळ्या टाकल्या. लॉग न वाचता रीस्टार्ट करायची ही सवय मला मनापासून खटकते.

आधी तोटी बंद करायची, मग पाणी उपसायचं. संशोधकांना फोन करून क्रॉनची ओळ बंद करायला सांगितली, त्यांनी लगेच केली. जॉब येतच राहिले. कारण लॉगिन नोड अनेक आणि क्रॉनटॅब, म्हणजे क्रॉनच्या ओळींची यादी, प्रत्येक मशीनवर वेगळा. कधीतरी ते दुसऱ्या लॉगिन नोडवर उतरले होते, तिथे क्रॉनटॅब रिकामा दिसला, पुसला गेला असं समजून त्यांनी तो पुन्हा लिहिला. दोन पहारेकरी, एकमेकांना न ओळखणारे. म्हणजे दर पाच मिनिटांना ऐंशी साखळ्या. शेवटी अकाउंटिंगच्या बाजूने, एसअ‍ॅक्टमॅनेजरने, त्यांच्या खात्याची 'मॅक्स सबमिट जॉब्ज' (एका वेळी किती जॉब टाकता येतील ती मर्यादा) शून्य केली. मग रांगेतले जॉब काढले आणि त्यानंतर चालू असलेले. सबमिट बंद नसेल तर हे काढणं फुकट जातं, एक काढेपर्यंत दुसरा आलेला असतो.

दुपारी मी आणि त्या संशोधकांनी मिळून रचना बदलली. चाळीस साखळ्यांच्या जागी एकच जॉब: ८ कोअर, 'एक्सआर्ग्ज -पी ८' (एका वेळी आठ फायली), नेहमीच्या चाळीस फायलींना दहा मिनिटं. वेळापत्रकासाठी स्लर्मचाच क्रॉनटॅब, एसक्रॉनटॅब. स्लर्म २०.११ पासून ही सोय आहे, फक्त प्रशासकाने ती चालू करावी लागते. क्रॉनसारखीच ओळ, पण ती कंट्रोलरकडे राहते, त्यामुळे कोणत्या लॉगिन नोडवरून लिहिली याला महत्त्व नाही. फेरी संपल्याशिवाय पुढची रांगेत येत नाही, म्हणून ढीग साचत नाही. त्याऐवजी 'सिंगलटन' डिपेंडन्सीने (त्याच नावाचा आधीचा जॉब संपेपर्यंत थांबायची अट) एका वेळी एकच जॉब चालतो खरा, पण मागे रांग वाढतच जाते.

एसक्रॉनटॅबच्याही खोडी आहेत. सगळ्या फेऱ्यांचा जॉब क्रमांक एकच असतो, म्हणून लॉगसाठी 'ओपन-मोड=अपेंड' दिलं नाही तर आधीच्या फेरीचा लॉग पुसला जातो. जुन्या फेऱ्या बघायला एसअ‍ॅक्टला 'डुप्लिकेट्स' सांगावं लागतं. जॉब रद्द केला तर एसक्रॉनटॅबमधली ती ओळच 'डिसेबल्ड' होते, आणि आठवड्याने प्रश्न येतो की काम का थांबलं. शिवाय दिलेली वेळ म्हणजे रांगेत पात्र होण्याची वेळ. जागा मिळेल तेव्हाच जॉब सुरू होणार. म्हणून स्क्रिप्टमध्ये 'आत्ताची तारीख' घेऊन फाईल शोधू नये. मध्यरात्रीच्या आधीचा जॉब मध्यरात्रीनंतर सुरू झाला की तो भलत्याच दिवसाची फाईल शोधतो. आम्ही न झालेल्या फायलींची यादी सुरुवातीलाच काढतो, जुनी आधी. निकाल तात्पुरत्या नावाने लिहून शेवटी नाव बदलतो, म्हणजे अर्धवट निकाल पुरा झाल्यासारखा दिसत नाही. जुने निकाल महिन्यागणिक टारमध्ये, म्हणजे एकेका गठ्ठा फायलीत, बांधले, तेव्हा फायलींचा आकडा खाली आला. फेरी तासाच्या १७ व्या मिनिटाला ठेवली, कारण बाकी सगळे ठोक्यालाच गर्दी करतात.

एका प्रश्नाचं समाधानकारक उत्तर मला अजून सापडलेलं नाही. प्रत्येकाला एका वेळी २०० च जॉब टाकू द्यावेत का? तसं असतं तर हा प्रकार पहाटेच अडला असता. पण हजारो छोटे जॉब प्रामाणिकपणे टाकणारे लोकही याच क्लस्टरवर आहेत. जॉब ॲरे (सारख्या जॉबांचा एकत्र टाकलेला गठ्ठा) वापरा म्हणावं तर मर्यादेत ॲरेचा प्रत्येक तुकडा वेगळा मोजला जातो. सध्या आकडा आहे तसाच ठेवून एका मिनिटात किती जॉब आले याचा इशारा बसवला आहे.

साचलेलं काम नऊ तासांचं होतं, म्हणजे ३६० फायली. वेळेची मर्यादा अर्ध्या तासावरून दोन तासांवर नेली आणि २:१७ ला पहिली फेरी सोडली. ती ३:४७ ला संपली. ३:१७ ची फेरी रांगेत आलीच नाही. ४:१७ च्या फेरीने दोन्ही तासांच्या ८० फायली उचलल्या आणि ४:३७ ला यादी रिकामी झाली.