रासबोरांच्या टँकमध्ये तळाला कोणता कॅटफिश?

माझा माशांचा टँक ३६ × १२ × १५ इंचांचा. हिशेबाने १०६ लिटर, पण वाळू, लाकूड आणि वरची मोकळी जागा वजा केली की पाणी भरतं ८५-९० लिटर. वरच्या थरात बारा हार्लेक्विन रासबोरा आणि हनी गुरामीची जोडी. तळ रिकामा होता.

दुकानात गेलं की पहिला सल्ला सकरचा: 'टँक साफ ठेवतो.' पाच सेंटीमीटरचं ते पिल्लू वाढून तीस सेंटीमीटरच्या पुढे जातं. माझ्या टँकची रुंदीच तेवढी, त्याला वळता तरी कसं येणार? शिवाय दिवसभर दोऱ्यासारखी लांब विष्ठा टाकत फिरणाऱ्याला सफाई कामगार म्हणणं धाडसाचंच. 'शार्क' म्हणून विकतात तो पंगॅसियस मीटरभर होतो. पिक्टस देखणा, पण तोंडात मावेल तो मासा रात्रीत फस्त करतो. तिघेही बाद. ओटो शेवाळावर जगतो, नव्या टँकमध्ये उपाशी मरतो. टँक जुना होईपर्यंत तोही नको. ब्रिसलनोज बारा सेंटीमीटरवर थांबतो, लाकूड असेल तर एक चालतो.

उरली कोरी, म्हणजे कोरिडोरास हा तळाला राहणारा छोटा कॅटफिश. तिच्यात जात ठरवताना मी रंग नाही, थर्मामीटर पाहिला. एप्रिल-मे मध्ये हीटर बंद असतानाही पाणी २९ अंशांवर जातं. पांडा आणि पेपर्ड थंड पाण्यातल्या, म्हणून त्या सोडल्या. स्टर्बाय २८ अंशांपर्यंत मजेत राहते. वरच्या एका अंशासाठी पाण्यावर वारा मारणारा छोटा पंखा पुरतो. एकाच जातीच्या सहा घेतल्या. दोन-दोन करून तीन जाती घेतल्या तर कळप जमत नाही.

दुकानात मासा काचेजवळ आला की खालून पाहायचा: मिशा पूर्ण हव्यात, पोट खपाटीला गेलेलं किंवा लालसर नको. पकडायला जाळी नको, तिच्यात कल्ल्यांमागचे काटे अडकतात. प्लास्टिकचा डबा बरा. पिशवी दुहेरी आणि एकीत तीनच मासे. घाबरलेली कोरी विष सोडते आणि कोंडलेल्या पाण्यात एकीमुळे सगळ्या जातात.

तळाला तीन सेंटीमीटर बारीक वाळू, साधारण १३ किलो. आधी चमचाभर वाळूवर व्हिनेगर टाकलं. फेस आला असता तर ती पाणी जड करणारी म्हणून फेकली असती. धुताना बादलीतलं पाणी नितळ येईपर्यंत सात वेळा बदलावं लागलं.

तरीही तीन आठवड्यांनी दोघींच्या मिशा आखूड दिसल्या. अशा वेळी सगळे धारदार खडीला दोष देतात. इथे खडी नव्हतीच. लाकडाखाली उरलेलं खाणं कुजून वाळू काळी पडली होती, उकरल्यावर सडक्या अंड्यासारखा वास आला. लाकूड उचललं, तेवढी वाळू नळीने ओढून काढली, तीन दिवस रोज पाव पाणी बदललं. पाणी नळाचं, म्हणून दर वेळी क्लोरीन काढणारं औषध घालून. मीठ मुद्दाम टाळलं, कोरीला ते सोसत नाही. महिनाभरात मिशा वाढू लागल्या.

मधूनच झपकन वर येऊन हवेचा घोट घेणं ही त्यांची सवय, घाबरायचं कारण नाही. सगळ्या सारख्या वर येऊ लागल्या तर मात्र ऑक्सिजन कमी पडतोय. एअर पंप लावायचा.

बुडणाऱ्या गोळ्या मी दिवा मालवल्यावर वीस मिनिटांनी टाकतो, नाहीतर गुरामी त्या वरच्या वर पळवते. सकाळी उरलेली गोळी दिसली की त्या रात्री दोन कमी.