नावं गेलेल्या पॅकेजांची ओळख पटवताना: माझा अनुभव

आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात नेट धरायचं तर गच्चीवर जावं लागतं. म्हणून क्लासच्या डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) वाल्या कॉम्प्युटरांना लागणारी डेब पॅकेजं, म्हणजे प्रोग्राम इन्स्टॉल करायच्या फायली, मी एका हार्डडिस्कवर जमवून ठेवली होती. लाइनच्या ये-जा मध्ये त्या डिस्कचं पार्टिशन उडालं. फोटोरेक या रिकव्हरी प्रोग्रामने फायली परत काढून दिल्या, पण नावं सगळी ‘एफ’ आणि पुढे आकडे.

नुसतं नाव कळायला अडचण नव्हती. पॅकेजच्या पोटातच ते असतं. डीपीकेजी-डेब या कमांडला विचारलं की आवृत्तीसकट सांगतो. फाइल शेवटपर्यंत धड आहे का, हे मात्र त्यावरून कळत नाही. त्याला हॅशच पाहिजे, म्हणजे फाइलीच्या मजकुरावरून काढलेला तिचा जणू अंगठ्याचा ठसा. डेबियनच्या ‘पॅकेजेस’ यादीत प्रत्येक फाइलचा आकार आणि ६४ अक्षरी शा-२५६ (हॅशचा एक प्रकार) दिलेला असतो. ती यादी आर्वीला जाऊन उतरवली. यादीचा स्वतःचा हॅश ‘इनरिलीज’ फाइलीत असतो, म्हणून त्या फाइलीची जीपीजी सही (ती डेबियनचीच असल्याची डिजिटल खूण) आधी तपासली. मग सगळ्या फायलींवर शा२५६सम ही हॅश काढणारी कमांड चालवून यादीशी ताडून पाहिलं. जुळल्या त्यांना मूळ नावं दिली.

खरी मजा न जुळलेल्यांत. लिब्रेऑफिसचं मराठी भाषेचं पॅकेज नाव बरोबर सांगे, पण हॅश जुळेना. आकार पाहिला तर यादीपेक्षा जास्त! हेक्सडंपमध्ये (फाइलीतले बाइट आकड्यांत दाखवतो तो) शेवटाला नुसती शून्यं. रिकव्हरीत शेपूट चिकटलेलं. प्रत काढून ट्रंकेट कमांडने यादीतल्या आकाराएवढी कापली, अन् हॅश अक्षरन् अक्षर जुळला. तेव्हा जुळत नाही म्हणून फाइल लगेच उडवू नका, आधी आकार बघा.

भाचा म्हणे, “मामा, नाव तं दिसते ना, मंग कायले इतका कुटाणा?” अरे बाबा, अर्धवट पॅकेज ऐन इन्स्टॉल होताना रडतं, तेव्हा पोरं समोर बसलेली असतात.

काही आवृत्त्या यादीतच नव्हत्या, कारण तिथे चालू आवृत्तीच राहते. डेबियनच्या ‘स्नॅपशॉट’ भांडारात २००५ पासूनच्या फायली आहेत, तिथे शा-१ या जुन्या हॅशवरून शोध लागतो. शा-१ ची टक्कर, म्हणजे दोन वेगळ्या फायलींचा एकच हॅश, २०१७ मध्ये गूगल आणि ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेने करून दाखवली आहे. म्हणून शोधापुरता तो वापरला, खात्री त्या तारखेच्या यादीतल्या शा-२५६ वरून केली.

आकारानेच कमी भरलेल्यांना इलाज नाही. त्यांची यादी खिशात आहे, बाजाराच्या दिवशी आर्वीला गेलो की उतरवून आणतो.