ड्रायव्हरचा स्पिन अखेर 3,000 च्या खाली

गेले चार महिने मिनिटाला 3,400 ते 3,600 फेरे या पट्ट्यात अडकून बसलेला माझ्या ड्रायव्हरचा, म्हणजे गोल्फमध्ये लांब फटका मारण्याच्या काठीचा, स्पिन (चेंडूची उलटी गिरकी) परवा रविवारी सकाळी सलग अकरा फटक्यांत 2,800 च्या खाली राहिला, आणि त्यासाठी नवा शाफ्ट (काठीचा दांडा) लागला नाही की नवे हेड (टोकाचा, चेंडूवर आदळणारा भाग). मागच्या नोंदीत शाफ्ट मागवण्याचे मी जवळजवळ नक्की केले होते. तो बेत आता रद्द समजावा.

स्लीव्ह (लॉफ्ट, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या फेसचा कल, बदलण्याची फिरती जोडणी) 10.5 अंशांवर असताना हेडस्पीड ताशी 91 मैल, बॉलस्पीड 127, लाँच (चेंडू उडण्याचा कोन) 9.5 अंश आणि स्पिन 3,500 च्या आसपास, हे माझे रडगाणे आपण वाचलेलेच आहे. लॉफ्ट 9.5 वर आणला तेव्हा स्पिन जेमतेम शंभरने उतरला, लाँच मात्र साडेआठच्या खाली गेला आणि चेंडू उजवीकडे पळू लागला, कारण स्लीव्हने लॉफ्ट कमी केला की फेस थोडा उघडतो. 11.5 वर नेल्यावर लाँच अंशभर चढला, पण स्पिनही त्याच्याबरोबर चढला. कोणत्याही बाजूला गेलो तरी कॅरी (चेंडू हवेतून कापतो ते अंतर) 186 यार्डांच्या पुढे सरकत नव्हता.

हेडवर छापलेला लॉफ्टचा आकडाच चुकीचा असावा, अशी शंका आल्याने मी ते हेड घेऊन कोल्हापूरच्या उद्यमनगरातील एका ओळखीच्या टर्नरकडे गेलो. त्यांनी गोल्फ कधी पाहिलेला नाही, पण सरफेस प्लेटवर हेड बसवून त्यांनी बेव्हल प्रोट्रॅक्टरचे (कोनमापकाचे) पाते फेसला लावले, खाली वाकून पात्याआडून येणारा उजेड पाहिला आणि म्हणाले, "साहेब, हे सपाट न्हाईच. वर एक कोन येतोय, खाली एक येतोय. कुठला बिंदू धरायचा ते सांगा." मध्यबिंदूवर कोन 11.2 अंश भरला, म्हणजे छापील आकड्याहून पाऊण अंश जास्त. एवढा फरक बाजारातल्या हेडांत नवा नाही. मला मात्र घरी परतेपर्यंत त्यांचा प्रश्नच सोडेना. फेसवर उभा बाक असतो, त्याला रोल म्हणतात, हे मला वर्षानुवर्षे ठाऊक होते. पण माझा चेंडू त्या बाकावर नेमका कुठे लागतो, हे मी एकदाही तपासले नव्हते.

दुसऱ्या दिवशी कॅरमची पावडर पाण्यात कालवून फेसवर कापसाने पातळ थर दिला आणि तो वाळू दिला. पहिल्याच फटक्यानंतर पांढऱ्या थरात खळग्यांच्या नक्षीसह रुपयाएवढा गोल ठसा उमटला होता, आणि तो मध्यापासून 12 मिलिमीटर खाली होता. पुढचे नऊ ठसे त्याच्यावरच जवळजवळ एकमेकांत मिसळले. (दुकानात मिळणारे चिकट कागद मी सुचवणार नाही, ते जाड असतात आणि स्पिन बदलतात. पावडरीनेही घर्षण बदलते, म्हणून खाली दिलेले आकडे फेस पुसून घेतलेले आहेत.)

यानंतर गणित आपोआप उलगडले. रोलची त्रिज्या 12 इंच धरली, तर दर 5 मिलिमीटरला लॉफ्ट सुमारे एक अंशाने बदलतो. म्हणजे माझा चेंडू 11 अंशांच्या नव्हे, तर 9 अंशांच्या फेसवर आदळत होता. शिवाय फटका गुरुत्वमध्याच्या खाली बसला की हेड पुढच्या बाजूला कलते आणि गिअर इफेक्टमुळे (दात्यांच्या चाकांसारखे, हेड एका दिशेने फिरले की चेंडू उलट दिशेने फिरतो) चेंडूला जादा बॅकस्पिन मिळतो. लाँच कमी आणि स्पिन जास्त, ही दोन्ही दुखणी एकाच जागेतून निघत होती, आणि मी चार महिने स्लीव्ह फिरवत बसलो होतो.

दोष सरावाच्या मॅटवरच्या रबरी टीचा (चेंडू ठेवण्याच्या खुंटीचा) निघाला. तिची उंची 38 मिलिमीटर, आणि त्याच उंचीची सवय मी मैदानावरही नेली होती. उन्हाळ्यात आपल्याकडची काळी जमीन दगडासारखी होते आणि बांबूच्या टी एकामागून एक मोडतात, त्यामुळे मी आखूड टी वापरत असे. जाड प्लॅस्टिकच्या टी या जमिनीला अधिक चांगल्या, असे माझे ठाम मत झाले आहे. शेतीच्या दुकानातून जुन्या टीवर घट्ट बसेल अशी रबरी नळी आणली आणि चेंडू 54 मिलिमीटरवर येईल असा तुकडा कापून वर चढवला. ठसे मध्याच्या 6 मिलिमीटर वर गेले. रविवारची सरासरी अशी आली: बॉलस्पीड 132, लाँच 13.5, स्पिन 2,680, कॅरी 205. चेंडू शिखरावर थबकून खाली पडण्याऐवजी पुढे वाहत राहिला, हे मी या ड्रायव्हरवर प्रथमच पाहिले, आणि अकराव्या फटक्यानंतर थांबवत नव्हते. यातले तीन-चार यार्ड कोल्हापूरच्या सुमारे 550 मीटर उंचीचे आहेत, हे मुंबईच्या मित्रांनी आकडे ताडताना ध्यानात घ्यावे.

आता लॉफ्ट अंशभर उतरवावा, असे मी इथपर्यंत लिहीपर्यंत ठरवले होते, कारण नव्या ठशाच्या जागी तो बारा अंशांच्या वर भरतो. परंतु माझा अटॅक अँगल अजून उणे 2 अंश आहे, म्हणजे हेड खाली येतानाच चेंडूला लागते. ट्रॅकमन या फटके मोजणाऱ्या रडारच्या कंपनीने पूर्वी प्रसिद्ध केलेल्या सरासरीत एलपीजीए या महिलांच्या व्यावसायिक गोल्फ दौऱ्यातील खेळाडूंचा हेडस्पीड 94, म्हणजे माझ्याहून किंचितच जास्त, तर अटॅक अधिक 3 आणि कॅरी 218 यार्ड आहे. तेरा यार्डांची ही तफावत नुसत्या लॉफ्टने भरून निघणार नाही, आणि स्लीव्ह उतरवल्यास फेस उघडून उजवीकडची चूक परत येईल. म्हणून स्लीव्ह 10.5 वरच ठेवून आधी, हेड वर जाताना चेंडूला लागावे यासाठी, चेंडू डाव्या टाचेकडे अर्धा चेंडूभर सरकवणार आहे. त्याने लाँच 15 च्या वर गेला, तरच लॉफ्टला हात लावीन. येत्या रविवारी वारा सुटण्यापूर्वी, सहा वाजता, पुन्हा पावडर लावून सुरुवात करतो आहे. आपल्यापैकी कोणी उंच टीवर चेंडू पुढे नेल्यावर ठसा किती वर सरकतो हे मोजले असेल, तर तो आकडा मला त्याआधी मिळाल्यास फार उपयोग होईल.