‘इतर’ मध्ये गेलेली शेड

"आमाला माल निवडायला सावली मिळंल का?"

प्रभागाच्या ‘हरित आराखड्या’साठी आज कोथरूडमध्ये बैठक होती. दोन तास कार्बन, सोलर, ई-बाइक, वृक्षारोपण. सगळं चकाचक स्लाइडवर. शेवटी कुणाला तरी दाराजवळ बसलेल्या कचरावेचक मावशींची आठवण झाली. मावशी एवढंच बोलल्या आणि खाली बसल्या.

सूत्रसंचालक "हो हो, नक्की" म्हणाले. फळ्यावर चार रकाने होते: ऊर्जा, पाणी, वाहतूक, इतर. शेड गेली ‘इतर’मध्ये, तीही कोपऱ्यात, बारीक अक्षरात. कचऱ्याला स्वतंत्र रकानाच नव्हता!

पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ पासून आहे. त्यातूनच ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ मध्ये महापालिकेशी करार झाला. मावशी दारोदार जाऊन कचरा उचलतात. घरटी मिळणारं शुल्क आणि सुक्या मालाची विक्री, ह्यावर त्यांचं घर चालतं. बाटल्या, पुठ्ठा, दुधाच्या पिशव्या जितक्या नीट निवडल्या जातील तितका भाव बरा, आणि डेपोकडे जाणारा कचराही तितकाच कमी. हे काम चालतं रस्त्याच्या कडेला. मे महिन्यात उन्हात, जुलैत भिजलेल्या पुठ्ठ्यासकट.

शेड म्हणजे चार खांब आणि पत्रे. २००६ पासून पुण्यात नागरिकांना पालिकेच्या अंदाजपत्रकासाठी कामं सुचवता येतात. मी ह्या वेळी हेच सुचवणार आहे. अडचण पैशांपेक्षा जागेची येणार, कारण "शेड हवी, पण आमच्या गेटसमोर नको" हे आपलं ठरलेलं!

तुमच्या सोसायटीत पार्किंगचा एखादा रिकामा कोपरा आहे का?