आईची खर्चाची वही आणि दारिद्र्यरेषा

आवराआवर करताना आईच्या जमाखर्चाच्या जुन्या वह्या हाती लागल्या आणि 2006 सालच्या वहीपाशी मी थांबलो. बाबांची शस्त्रक्रिया झाली ते हे वर्ष. घराचा एकूण खर्च आदल्या वर्षाच्या जवळपास दुप्पट होता. पण त्याच पानांवर दूध दोन लिटरांवरून एक लिटरावर आले होते, बहिणीची शिकवणी बंद झाली होती आणि औषधांच्या आकड्यांखाली आईने बारीक अक्षरात ‘पाटल्या मोडल्या’ एवढेच लिहिले होते.

आपल्याकडे दारिद्र्य मोजताना कुटुंबाची मिळकत नव्हे, तर दरडोई खर्च पाहण्याची पद्धत आहे. 1962 साली अभ्यासगटाने 1960-61च्या किमतींनुसार दरडोई दरमहा 20 रुपयांची किमान पातळी सुचवली, तेव्हा आरोग्य व शिक्षण त्यातून वगळले, कारण तो भार सरकार उचलील असे गृहीत होते. पुढे ग्रामीण भागासाठी माणशी रोज 2400 आणि शहरांसाठी 2100 उष्मांकांचा निकष आला. दरम्यान लोक दवाखान्याचे आणि शाळेचे पैसे पदरचे भरत राहिले. सुरेश तेंडुलकर समितीने 2009 साली हे दोन्ही खर्च रेषेत धरले, हे मला फार मोलाचे वाटते. त्या पद्धतीने 2011-12 साली रेषा ग्रामीण भागात दरडोई दरमहा 816 आणि शहरांत 1000 रुपये ठरली, आणि 21.9 टक्के लोक गरीब गणले गेले.

मूळ अडचण मात्र सुटलेली नाही. घरखर्चाच्या सरकारी पाहणीत रुग्णालयाचा वर्षभराचा खर्च विचारून तो महिन्यावर आणला जातो व धान्य, कपडे, भाड्याप्रमाणेच उपभोगात मिळवला जातो. म्हणजे दागिने मोडून किंवा व्याजाने पैसे काढून बिल भरणारे कुटुंब कागदावर रेषेच्या वर सरकते. पुढे कर्जाचे हप्ते फेडताना पोटाला चिमटा बसतो, पण हप्ता हा उपभोग नसल्यामुळे तो या हिशेबात येतच नाही. म्हणूनच काही अर्थतज्ज्ञ उपचाराचा खर्च आधी वजा करून उरलेली रक्कम रेषेशी ताडून पाहतात. अशा मोजणीत गरिबांची संख्या वाढते, आणि मला तीच मोजणी प्रामाणिक वाटते.

देशाच्या एकूण आरोग्यखर्चातील लोकांच्या खिशातून जाणारा वाटा 2013-14 मधील 64.2 टक्क्यांवरून 2021-22 मध्ये 39.4 टक्क्यांवर आला, ही खरोखर दिलासा देणारी गोष्ट आहे. तरीही तो थोडा नाही.

आमचा शेवटचा हप्ता 2009च्या वहीत आहे. शिकवणीची फी पुढच्या कुठल्याच वहीत सापडली नाही.