साध्या मागावरून रेपियरवर जाताना

इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला. आज तिथल्या खर्चीवाल्या, म्हणजे व्यापाऱ्याचं सूत मजुरीवर विणून देणाऱ्या, कारखानदारापुढे प्रश्न आहे तो धोट्याचे साधे माग काढून रेपियर, म्हणजे धोट्याऐवजी दांडीने किंवा पट्टीने आडवा धागा ओढणारे माग, बसवण्याचा. माझं ठाम मत असं की मशीन सगळ्यात शेवटी घ्यावं.

आधी हिशेब. साधा माग मिनिटाला १३० पिकं मारतो, म्हणजे बाण्याचे तेवढे आडवे धागे भरतो. कापड इंचाला ६० पिकांचं आणि कार्यक्षमता ७५ टक्के धरली, तर २४ तासांत साधारण ५९ मीटर निघतं. रेपियर ४०० पिकांवर आणि ८५ टक्क्यांवर चालला तर २०७ मीटर. म्हणजे सूतही साडेतीनपट लागणार. व्यापारी तेवढी बिमं, म्हणजे ताण्याचं (उभं) सूत गुंडाळलेले रूळ, देणार आहे का, हे कर्जाच्या अर्जावर सही करण्याआधी विचारून घ्या. बिमाची वाट बघत उभ्या राहिलेल्या मागाचाही हप्ता भरावाच लागतो.

खरी अडचण सुतात आणि सायझिंगमध्ये, म्हणजे ताण्याला खळ लावण्यात, येते. ताण्याचा धागा तुटून माग तीन मिनिटं थांबला, तर साध्या मागावर १६ सेंटिमीटर कापड बुडतं, रेपियरवर अर्धा मीटर. त्यामुळे जाड गाठींचं, केसाळ सूत इथे परवडत नाही. स्प्लाइस केलेलं, म्हणजे गाठ न मारता जोडलेलं, सूत मागा. खळ कमी बसली की वहीत (ताणा वरखाली करणाऱ्या चौकटीत) आणि फणीत घासून धागे तुटतात, जास्त बसली की ताणा कडक होऊन तुटतो. सायझिंगवाल्याकडे मोठ्या फ्लँजचं (कडेच्या तबकडीचं) बीम भरायची सोय आहे का, तेही बघा. नसेल तर छोटी बिमं लवकर संपतात आणि दर वेळी गाठणीत, म्हणजे नव्या बिमाचे धागे जुन्याला जोडताना, माग उभा राहतो.

काठाचं गणित बरेच जण विसरतात. धोटा परत फिरतो म्हणून काठ आपोआप बांधला जातो. रेपियरमध्ये प्रत्येक पीक कापलं जातं, काठ लेनोने (कडेचे धागे एकमेकांत पिळून) बांधावा लागतो आणि कडेची झालर वाया जाते. १९० सेंटिमीटर पन्ह्यावर ती सहा सेंटिमीटर धरली, तरी बाण्याचं तीन टक्के सूत गेलं. मजुरी ठरवताना ते कोणाच्या खात्यात, हे लिहून घ्या.

विजेचा दाब वरखाली झाला की इलेक्ट्रॉनिक कार्ड जळतं, म्हणून स्टॅबिलायझर आणि वेगळं अर्थिंग हवंच. सुती मालासाठी शेडमध्ये ७५ ते ८० टक्के आर्द्रता ठेवा. जॉबरला (माग जुळवणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या कारागिराला) मशीन यायच्या आधीच चालू कारखान्यात शिकायला पाठवा.

एवढी तयारी नसेल तर आहे त्याच मागांना ताणा तुटल्यावर माग थांबवणारी आणि कांडी (धोट्यातलं बाण्याचं सूत) संपत आल्याचं ओळखणारी यंत्रणा बसवून घ्या. वेग वाढत नाही, पण डागी कापड कमी होतं आणि एका कामगाराला जास्त माग सांभाळता येतात.