हजार-दीड हजाराचा वायरवाला इयरफोन: काउंटरवर काय तपासायचं

बेळगावच्या खडेबाजारात मोबाईल ॲक्सेसरीच्या दुकानात उभं राहिलं की समोर ओळीनं खोकी टांगलेली असतात आणि सगळ्या खोक्यांवर तेच: एक्स्ट्रा बास, एचडी साउंड, १० एमएम ड्रायव्हर. ड्रायव्हरचा, म्हणजे आत थरथरून आवाज काढणाऱ्या पडद्याचा, आकार बहुतेक खरा असतो, पण त्यावरून आवाजाचं काहीच कळत नाही. तोच १० मिलिमीटरचा पडदा एका कवचात गोड वाजतो आणि दुसऱ्यात पत्र्याच्या डब्यासारखा. स्वस्तातल्या इयरफोनमध्ये आधी दोनच गोष्टी बघायच्या. कानात घट्ट बसतो का, आणि डावं-उजवं सारखं वाजतं का. बास, गोडवा, खुलेपणा हे सगळं त्याच्या मागून. दोन्ही गोष्टी काउंटरवर दहा मिनिटांत तपासता येतात. दुकानदार थोडा कुरकुरेल, तेवढंच.

खोक्यात तीन मापांची रबरं येतात आणि बहुतेक लोक चढवलेलंच मधलं वापरत राहतात. ‘बास नाही’ या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा तिथंच असतं. खालचे स्वर कानापर्यंत पोचायला पडदा आणि कानाचा पडदा यांच्यामधली हवा कोंडलेली लागते. केसाएवढी फट राहिली की दाब तिथून निसटतो, डग्गा गायब होतो आणि उरतो नुसता चिरका आवाज. बसवताना विरुद्ध बाजूच्या हातानं कानाची वरची कड वर आणि मागे ओढायची, बड (कानात जाणारा भाग) किंचित फिरवत आत सारायचा आणि कान सोडायचा. मग तोंड मिटून ‘म्ऽऽ’ असा लांब हुंकार द्यायचा. दोन्ही कानांत आपलाच आवाज सारखा घुमला तर रबर बसलं. एका बाजूला कमी घुमला तर तिकडे फट आहे, माप बदला. दोन कानांना दोन वेगळी मापं लागणं यात नवल काही नाही. दुकानात दुसऱ्याच्या कानातलं रबर घालायचं जिवावर येत असेल तर घरचं आपलं जोडीला न्या, बहुतेक इयरफोनच्या नळीवर चढतं.

आत सारताना ‘टिक्’ किंवा कागद चुरगळल्यासारखा आवाज आला तर तो पडदा दबल्याचा. कवचावरचं हवेचं बारीक भोक पुरेसं नसलं की असं होतं. बड हळू सारला की टळतं, आणि त्यानं लगेच काही बिघडत नाही. पण एकच बाजू टिकटिकत असेल तर दुसरा पीस मागा की.

आता गाणं लावा. नवं सिनेमातलं नको, जुनी तबकडी हवी. ७८ आरपीएमच्या जमान्यातलं रेकॉर्डिंग मोनो असतं, म्हणजे दोन्ही कानांत तंतोतंत एकच आवाज जातो. बालगंधर्वांचं पद लावा, नाहीतर आपल्या सुळेभावीच्या कुमार गंधर्वांची लहानपणीची तबकडी लावा. गळा डोक्याच्या बरोबर मध्यावर, कपाळामागे उभा राहिला पाहिजे. डावीकडे ओढला जात असेल तर आधी रबर पुन्हा बसवा. मग फोनच्या सेटिंगमधल्या ॲक्सेसिबिलिटीत जाऊन ऑडिओ बॅलन्सचा ठिपका मध्ये आहे ना ते बघा, तो सरकलेला फोन पुष्कळ निघतात. त्यानंतर सरळ लोंबणारा इयरफोन असेल तर डावा बड उजव्या कानात घालून बघा. ओढ बाजू बदलते का? बदलली तर खोट इयरफोनची किंवा फोनची. बदलली नाही तर कानात मळ आहे. मात्र कुणीतरी ‘स्टिरिओ’ करून चढवलेली, मागे घुमारा जोडलेली तबकडी या कामाची नाही.

गळा कुठंच उभा राहत नाही, दोन्ही कानांच्या कडेला पातळ पसरतो आणि डग्गा जाणवत नाही, असं झालं तर एका बाजूची जोडणी उलटी आहे. ०.७८ मिलिमीटरच्या दोन पिनांची, सुटी होणारी वायर असलेल्या इयरफोनात हे हमखास घडतं, कारण सपाट खाचेत पिना उलट्या घुसतात. एका बाजूचा पडदा पुढे येताना दुसरीकडचा मागे जातो आणि दोन कानांतल्या आवाजांचा डोक्यात मेळ बसत नाही. एका बाजूची पिन काढून फिरवून घाला, बास झटक्यात परत येतो. दोन्ही बाजू उलट्या असतील तर कानाला काही कळणार नाही.

सुराचा पोत बघायला मात्र जुनी तबकडी अपुरी पडते. तिच्यात वरच्या पट्टीत, साधारण ५ किलोहर्ट्झच्या पुढे, खरखरीशिवाय फारसं काही नसतं. खालच्या-मधल्या भागासाठी गंगूबाई हनगल यांचं उतारवयातलं गाणं घ्या. तो भारदस्त आवाज ज्यात छातीतून आल्यासारखा ऐकू येतो तो इयरफोन ठीक. गळ्यावर गोधडी टाकल्यासारखं वाटलं तर १५० ते ३०० हर्ट्झचा भाग फुगवलेला आहे, आणि ‘एक्स्ट्रा बास’ म्हणतात ते बहुधा हेच. वरच्या भागासाठी भजनी मंडळाचं नवं रेकॉर्डिंग लावा. टाळ वाजला की धातूचा झणत्कार विरत जाताना ऐकू यावा. नुसतं ‘छिस्स’ ऐकू येऊन संपलं तर तो इयरफोन ठेवून द्या. स, श, च ही अक्षरं ५ ते ८ किलोहर्ट्झच्या आसपास टोचतात. मराठीत ती पावलोपावली येतात, त्यामुळं बातम्या वाचणाऱ्याचा आवाजही परीक्षेला पुरतो.

वेळ असेल तर २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झचा स्वीप, म्हणजे तळापासून वर सरकत जाणारा एकच सूर, आवाज अगदी कमी ठेवून लावा. तळात ३०-४० हर्ट्झला हलकी थरथर लागली पाहिजे. शंभराच्या खाली सगळं विरलं तर फट आहे. ३ किलोहर्ट्झजवळ आवाज चढतो, त्यात घाबरण्यासारखं नाही, उघड्या कानाची पोकळी तिथंच घुमते म्हणून इयरफोनही तसाच बनवलेला असतो. ८ किलोहर्ट्झच्या आसपास एक तीक्ष्ण टोक येतं. बड थोडा आत सारला तर ते वर सरकतं, तेव्हा त्यावरून इयरफोनला नावं ठेवण्यात अर्थ नाही. मधेच कुठं माशी गुणगुणल्यासारखी करकर आली तर पडद्याला केस किंवा कचरा टेकलेला आहे. तो पीस परत.

खोक्यावरच्या आकड्यांत एक चलाखी असते. १०८ डीबी (डेसिबल, आवाजाच्या मोठेपणाचं माप) लिहिलंय, पण कशाला १०८? मिलिवॅटला की व्होल्टला? सेव्हन हर्ट्झ कंपनीच्या सॅलनोट्स झिरो या इयरफोनचं उदाहरण घ्या: ३२ ओहम, १०८ डीबी प्रति व्होल्ट. ३२ ओहमला १ मिलिवॅट द्यायला साधारण ०.१८ व्होल्ट लागतात, त्या हिशोबानं तेच माप मिलिवॅटला ९३ डीबीच्या आसपास येतं. शेजारच्या खोक्यावर १६ ओहम आणि मिलिवॅटला १०५ डीबी असेल तर तो व्होल्टला जवळपास १२३ डीबी होतो, म्हणजे १५ डीबीनं मोठा वाजणार. आकडा छोटा दिसतोय आणि आवाज मोठा. मोठा म्हणजे चांगला नव्हे हे वेगळं सांगायला नको, पण फोनचा आउटपुट कमजोर असेल तर हा फरक रोज जाणवतो.

फोनला गोल भोक नसेल तर टाइप-सी कनेक्टर घ्यावा लागतो. नुसत्या तारेचा स्वस्तातला कनेक्टर पुष्कळ फोनवर मुका राहतो, कारण त्या फोनच्या टाइप-सीतून ॲनालॉग आवाज बाहेरच येत नाही. आत डीएसीची (फोनच्या डिजिटल आकड्यांचा ॲनालॉग आवाज करणारी) चिप असलेलाच मागा आणि दुकानातच आपल्या फोनला लावून बघा.

बेळगाव-निपाणी बसमध्ये खिडकीशी बसून ऐकणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. रबर नीट बसलं तर वाऱ्याचा आणि बोलण्याचा आवाज बराच अडतो, इंजिनाची घरघर मात्र थोडी राहतेच. ती बुडवायला आवाज वाढवत गेलं की कान जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबानं ८० डीबीला आठवड्याला ४० तास चालतात, ९० डीबीला फक्त ४. वायर कपड्यावर घासली की धडधड ऐकू येते. कानावरून मागे वळवून घेतली की ती बरीच थांबते.

जून ते सप्टेंबर खानापूर-कणकुंबीकडच्या दमट हवेत एक बाजू अचानक बसकी होते. बहुतेक वेळा नळीच्या जाळीवर वाफ धरलेली असते किंवा मळ बसलेला असतो. रबर काढा, नळी खाली तोंड करून कोरड्या मऊ ब्रशनं झटका आणि रात्रभर सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर डब्यात ठेवा. सुई घालायची नाही, जाळी डिंकानं चिकटवलेली असते. हेअर ड्रायरही नको, तो डिंक सुटतो.

वायर तुटते ती पिनेच्या मानेशी. मल्टिमीटर २०० ओहमवर लावून पिनेचं टोक आणि मुळाशी असलेलं कडं तपासा (माइकवाल्या चार कड्यांच्या पिनेत अर्थ, म्हणजे दोन्ही बाजूंची सामाईक परतीची तार, खालून दुसऱ्या कड्यावर असते). छापील ३२ असेल तर त्याच्या आसपास आकडा यावा, बडमध्ये बारीक ‘कट्’ ऐकू यावा. वायर हलवल्यावर आकडा नाचला तर आत तार तुटलेली आहे.

नवी पिन जोडताना तारांवर रंगीत लाख असते. ती जळल्याशिवाय डाग धरत नाही, म्हणून फ्लक्स लावून तापलेल्या टोकावर दोन-तीन सेकंद ताजं शिसं खेळवायचं. सहसा लाल उजवी, हिरवी किंवा निळी डावी आणि तांब्याच्या रंगाची अर्थ. जोडून झालं की पुन्हा तीच मोनो तबकडी लावा. गळा मध्ये आला तर काम झालं. काहीच ऐकू आलं नाही, पण नव्या स्टिरिओ गाण्यात गायक गायब होऊन मागची वाद्यं तेवढी पोकळ वाजली, तर अर्थ धरलेली नाही: दोन्ही पडदे एकामागे एक जोडले गेलेत आणि डाव्या-उजव्यातला फरक तेवढा वाजतोय. तांब्याचा तो टाका पुन्हा घाला.